‘पीठ’: दोन मिनिटांच्या भयपटाच्या तयारीची वही

दुसर्‍या वर्षाचा प्रकल्प असा: कधीच पूर्ण न होणार्‍या एका भयपटाची फक्त सुरुवात करायची. नामावली धरून १२० सेकंद. आम्ही चौघं. मी कथा आणि आवाज. दाढी कॅमेरा. सातारकर संकलन आणि हिशेब. बारकी अभिनय, आणि कुणीच करणार नाही ते सगळं. वही ठेवणं सक्तीचं आहे, आणि ‘आदल्या रात्री बसून लिहिलेल्या नोंदी मला शाईवरून कळतात’ असा दम मॅडमनी पहिल्याच दिवशी भरलाय.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

कॅन्टीनमध्ये पहिली बैठक. दाढी उशिरा आला, कारण तो सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गेला होता. दाभोलकरांच्या खुनाला आज अकरा वर्षं झाली. तिथून थेट येऊन तो भुताच्या गोष्टीवर बोलायला बसला, यावर सातारकरने जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही.

सुचलेल्या कल्पना: हॉस्टेलची लिफ्ट मधल्याच मजल्यावर थांबते. मोबाइलच्या कॅमेर्‍यात दिसते ती बाई डोळ्यांना दिसत नाही. पांढरी साडी, मोकळे केस. बारकी म्हणाली, "मी साडी नेसून केस सोडले की माझी आईसुद्धा हसते." तिची उंची चार फूट दहा इंच, त्यामुळे हडळ बाद.

ठरलं काहीच नाही. तीन चहा, एक कॉफी.

२३ ऑगस्ट

आज मी माझी गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती, पण लिफ्टवर मतदान होणार होतं.

मी सातवीत असताना मावशीचे यजमान गेले. आम्ही देवरुखजवळच्या त्यांच्या घरी होतो. माजघरात जिथे काकांना ठेवलं होतं तिथे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. त्यावरून माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला ते समजतं, अशी समजूत. पाच-सहा मोठी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. कुणी म्हणालं गाईचं खूर, कुणी म्हणालं पक्षी. मला नुसतं पीठ दिसत होतं. सगळे खालच्या आवाजात बोलत होते, जणू पिठाला ऐकू गेलं असतं. मावशी काहीच बोलली नाही.

मग गोष्ट अशी जुळवली. रात्र. सगळे झोपलेत. घरातली एक लहान मुलगी सकाळपर्यंत दम धरू शकत नाही. ती टोपली उचलते. पिठात माणसाचं पाऊल उमटलेलं असतं, लहानसं. ती आपला पाय त्यावर धरते. माप तंतोतंत जुळतं. काळोख. नाव.

कुणी ‘भारी’ म्हणालं नाही. सातारकरने विचारलं, "म्हणजे मेलंय कोण?" आणि बारकीने आपले पाय स्टुलावर उचलून घेतले. लिफ्ट रद्द.

२७ ऑगस्ट

मॅडमपुढे मांडणी. पहिलाच प्रश्न: "यातून अंधश्रद्धा पसरते का?" दाढीने २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची छापून नेली होती. त्यात शिक्षापात्र ठरवलंय ते अघोरी छळ, फसवणूक, लुबाडणूक. घरात पीठ पसरून दिवा लावणं त्यात बसत नाही आणि ते पडद्यावर दाखवणं तर नाहीच. मॅडम म्हणाल्या, कायद्याचं मला माहीत आहे, मी तुमच्याबद्दल विचारतेय.

यावर आम्ही चाचरलो. शेवटी बारकी म्हणाली, ठसा कुणी केला ते आपण सांगतच नाही. मुलीनेच झोपेत पाय ठेवला असेल. मॅडमनी ‘बघा’ असं लिहून सही केली. मला वाटतं या एका वाक्याने आमची गोष्ट सुधारली. आतापर्यंत माझ्या डोक्यातसुद्धा तो ठसा भुताचाच होता.

नाव ‘पीठ’ ठेवलंय. मॅडमना आधी शक्तिपीठांवरचा माहितीपट वाटला होता.

३१ ऑगस्ट, शनिवार

जागेसाठी मावशीला फोन. चित्रीकरण २८ सप्टेंबरच्या शनिवारी ठरवून टाकलं होतं, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं.

ती म्हणाली, "अगो, पितृपक्ष आहे तेव्हा." मी कॅलेंडर पाहिलं. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. बरं, मग ५ ऑक्टोबर? "घट बसलेले असतील." दसरा १२ला. त्यानंतरच्या शनिवारी सातारकरच्या घरी साखरपुडा नसता… पण तो मोडता येत नाही, पुढे ढकलता येतो, असं त्याचं मत. १९ आणि २० ऑक्टोबर ठरलं. काम २५ला दाखवायचंय, म्हणजे संकलनाला चार दिवस.

काय करणार आहोत ते मी फोनवर ‘एक दिव्याचा सीन आहे’ इतकंच सांगितलं. गणपतीला गेले की समोर बसून सांगेन.

९ सप्टेंबर (देवरुखहून)

सांगितलं. ती मोदकाची उकड मळत होती. हात थांबले नाहीत. उकडीत पाण्याचा हात लावत, मळत, परत लावत तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजघरात नको."

मग एकेक अट आली. माजघरात नाही, मांगरात (घराबाहेरच्या सामानाच्या खोपीत) करा. घरातली टोपली घ्यायची नाही, नवी विकत आणायची. दिव्याची वात दक्षिणेला करायची नाही, खोटी खोटीसुद्धा नाही. ती एक यमदीपदानाला आणि एक माणूस गेल्यावर. आणि उरलेलं पीठ केराच्या डब्यात टाकायचं नाही, गुरांनाही घालायचं नाही, पर्‍ह्यात (ओढ्यात) सोडायचं.

मी मान डोलावत गेले. रागावली असेल असं वाटत होतं; पण शेवटी तिने विचारलं, "जेवायला किती जण?"

मांगराची पाहणी: आतून साधारण अकरा फूट बाय नऊ. चिर्‍याच्या भिंती, वर कौलं, एका कोपर्‍यात नारळाची सोडणं रचलेली. जमीन शेणाने सारवलेली, जवळजवळ काळी. हे माजघरापेक्षा चांगलं आहे! माजघरात फरशी आहे, पांढर्‍या फरशीवर पांढरं पीठ काय दिसणार. एकच होल्डर, त्यात बल्ब नाही. दाराची उंची पाच फूट, दाढीचं डोकं आपटणार. दार पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी ऊन थेट आत येतं. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळेल, सातपर्यंत खरा काळोख. कोजागिरी १६ला, म्हणजे १९ला चंद्र उशिरा उगवेल आणि कौलांच्या फटींतून येणारा उजेड आधी तरी नडणार नाही.

फोटो ३८ काढले, त्यातले ११ वासराचे आहेत.

१४ सप्टेंबर

पिठाची परीक्षा, हॉस्टेलच्या गच्चीवर. काळ्या चार्ट पेपरवर चार चौकोन.

तांदळाचं पीठ: दिसायला सुंदर, पण सुटं. पाय उचलला की ठशाच्या कडा आत घरंगळतात. बोटं दिसतच नाहीत, बशी उमटल्यासारखं वाटतं.
गव्हाचं: कड धरतं, पण पिवळ्या उजेडात मातीसारखं दिसतं.
रांगोळी: चमकते. शिवाय रांगोळी म्हटलं की दिवाळी आली, भीती गेली.
मैदा: जिंकला. टाचेची रेघसुद्धा उमटते. चाळणीतून चाळून साधारण एक सेंटिमीटर थर द्यायचा. त्याहून जाड झाला तर पाय वर येताना मैदा चिकटून येतो. पाय कोरडा हवा. बारकीच्या तळव्याला घाम येतो, म्हणून प्रत्येक टेकआधी टाल्कम पावडर.

उजेडाची गंमत मात्र आज खरी समजली. टॉर्च वरून धरला की ठसा नाहीसा होतो, नुसता पांढरा चौकोन. टॉर्च जमिनीलगत आडवा आणला की एकेका बोटाचा खळगा काळा पडतो. म्हणजे पिठावर दिवा ठेवणार्‍यांनी, नकळत का होईना, बरोबर उंचीवर ठेवलाय. दिव्याची ज्योत पिठापासून दोन इंच वर, तिरका उजेड, आणि उंदराने नुसती शेपटी फिरवली तरी ती नांगरासारखी दिसेल. काकांच्या वेळी सगळ्यांना वेगवेगळं का दिसलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. ज्योत हलली की खूर हलतं.

एका ठशासाठी मैदा साधारण अर्धा किलो. दहा टेक धरले तर पाच किलो. सातारकरने तोंड वाकडं केलं.

१५ सप्टेंबर

मंडईजवळून बांबूची टोपली आणली, विणीची, झाकणाएवढी खोल. आत पणती ठेवून पालथी घातली आणि खोलीतला दिवा बंद केला.

बाकी सगळं सोडा, हे बघायला यायला हवं होतं. विणीच्या फटींतून उजेड बाहेर फुटला आणि भिंती, छत, आम्ही, सगळ्यांवर जाळं पडलं. ज्योत हलेल तसं जाळं श्वास घेत होतं. दाढीला पहिली चौकट मिळाली. टोपली दाखवायची नाही. झोपलेल्या माणसांच्या पांघरुणांवर फिरणारं जाळं दाखवायचं.

मग करपल्याचा वास आला. टोपलीचा बूड आतून तपकिरी झाला होता. मांगरात सोडणं आणि वाळलेलं गवत आहे, तिथे हा प्रकार चालणार नाही. मार्ग असा: झाकलेल्या चौकटींत खरी पणती न ठेवता बॅटरीवरची दिव्याची माळ, गुंडाळी करून, वर नारिंगी जिलेटिनचा कागद. खरी पणती फक्त टोपली उचलण्याच्या चौकटीत, आणि तेव्हा बादलीभर वाळू हाताशी. माळेचं जाळं हलत नाही ही खोट आहे. बारकीने माळेसमोर बोटं हलवून दाखवली. बर्‍यापैकी जमतंय.

२१ सप्टेंबर

चौकटी सतराच्या नऊ केल्या. दोन मिनिटांत सतरा म्हणजे सरासरी सात सेकंद, आणि आमची मुलगी तर टोपलीपर्यंत पोचायलाच वीस सेकंद घेते. काढून टाकलं ते: घड्याळ, खिडकीतली फांदी, मांजर (उगाच कुणाला दचकवायचं नाही, असं ठरलं), आणि मेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो. फोटो कुणाचा लावायचा यावरच वाद झाला. कुणी आपल्या घरच्याचा द्यायला तयार होईना, आणि इंटरनेटवरचा कुठल्या तरी अनोळखी माणसाचा लावणं मला बरं वाटेना.

सगळ्यात अवघड चौकट सातवी: पाय ठशावर. पाय खरोखर टेकला तर ठसा मोडतो आणि माप जुळलं हे कळतच नाही. म्हणून पाय दोन बोटं वर थांबवायचा आणि त्याची सावली ठशात बरोबर भरली पाहिजे. कागदावर झकास. प्रत्यक्षात पणती बाजूला असल्यामुळे सावली ठशात न पडता लांब होऊन भिंतीवर जाते. यासाठी नेमक्या वरून एक मंद दिवा हवा. झिरोचा बल्ब आढ्याला टांगायचा. नावाला झिरो, पण जुना तारेचा असेल तर पंधरा वॅटच्या आसपास घेतो, तेवढा पुरे. पण वरून उजेड आला की ठसा सपाट होतो, हे आपण गच्चीवर पाहिलंय! म्हणजे आधी आडवा उजेड, मग पाय येताना पणती विझते आणि कौलांतून चांदणं यावं तसा वरचा दिवा हळूच वर येतो. पणती विझण्याला आता गोष्टीत कारण मिळालं: मुलीचा श्वास.

मुलगी म्हणून शेजारची दहा वर्षांची एक जण घ्यावी असं मावशीला सुचवलं होतं. तिच्या आईने एका शब्दात नाही म्हटलं आणि बरोबरच केलं. बारकीच फ्रॉक घालेल. चेहरा दाखवायचा नाही. वेण्या, मान, हात, पाय.

कॅमेर्‍याचं: ५० मिमीची लेन्स एफ १.८ला उघडते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), उजेडाला चांगली, पण नऊ फुटांच्या मांगरात तिच्यात टोपली आणि मुलगी एकत्र मावत नाहीत. १८ मिमीला मावतात, तिथे एफ ३.५, म्हणजे उजेड चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२००च्या वर नेलं की काळ्यात दाणे नाचतात. त्यामुळे रुंद चौकट एकच, तीही बल्ब लावून. बाकी सगळं जवळून. शटर १/५०, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे फडफडतात.

२७ सप्टेंबर

आवाज. हे माझं खातं, म्हणून जरा सविस्तर.

संगीत नाही. मॅडमना पटत नाहीये, बघू. माझ्याकडे चार आवाज आहेत: रातकिडे, झोपलेल्यांचे श्वास, टोपली उचलतानाची बांबूची करकर, आणि पिठात पाय. शेवटचा खरा केला तर ऐकूच येत नाही. मैद्याची पिशवी माइकजवळ मुठीत सावकाश आवळली की जो ‘क्रर्र’ येतो तो पायापेक्षा पायासारखा आहे.

मुलीला कुणीतरी हाक मारतं, लांबून. ही हाक मी आधी संगणकावर लांब नेली, घुमारा वगैरे लावून. ती लांबची न वाटता विहिरीतली वाटली. मग ‘महल’ची गोष्ट आठवली. १९४९च्या त्या चित्रपटातलं खेमचंद प्रकाशांचं गाणं ध्वनिमुद्रित करताना लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलंय. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. आम्ही हॉस्टेलच्या बोळात रात्री साडेअकराला तेच केलं. बारकी बोळाच्या त्या टोकाला तोंड फिरवून, मी इकडे रेकॉर्डर घेऊन. तिसर्‍या हाकेला दोन खोल्यांची दारं उघडली आणि वॉर्डनबाई आल्या. हाक उत्तम आलीये. मागे दाराच्या कडीचा आवाज आहे, तोही ठेवतेय.

मावशीकडे पोचल्यावर विसरायचं नाही: माणसं बाहेर काढून मांगराची नुसती शांतता एक मिनिटभर मुद्रित करणे. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, संकलनात भोकं बुजवायला तीच लागते.

४ ऑक्टोबर

नामावली. ‘भीतिदायक फाँट’ म्हणून शोधलं की रक्त ठिबकणारी रोमन अक्षरं मिळतात. देवनागरीत जे एक मिळालं त्यात रफार अक्षराच्या शेजारी जाऊन बसत होता, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाचा (चौघंही) ‘र्श’ तुटत होता. शेवटी साधा ‘मुक्त’ घेतला. सातारकरची कल्पना: आधी फक्त शिरोरेषा उमटेल, पांढरी, पिठाची रेघ ओढल्यासारखी, रिकामी. तीन सेकंद काहीच नाही. मग खाली ‘पीठ’ लोंबेल. या माणसाला हिशेबाखेरीज काही सुचतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

११ ऑक्टोबर

हिशेब. मैदा पाच किलो, टोपल्या दोन, पणत्या, तिळाचं तेल, दिव्याची माळ, झिरोचे बल्ब तीन (एक फुटणार), वायर, जिलेटिन, टाल्कम. एसटीचं भाडं: आम्हा दोघींना अर्धं, त्या दोघांना पूर्ण, यावर दाढीचं पाच मिनिटं भाषण. जेवण मावशीकडे, तिला पैसे दिले तर ती आम्हाला उंबर्‍यातून परत पाठवेल, म्हणून चितळ्यांची बाकरवडी.

परतीच्या पावसाची भीती आहे. संध्याकाळी गडगडलं तर वीज जाणार. वीज गेली तर झिरो गेला. पॉवर बँकेवर चालणारा छोटा दिवा जादा घेतलाय.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. घाटात बारकी आजारी. मैद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ती वाचली.

मांगर झाडलेला होता. मावशीने आजच नव्याने सारवून घेतलाय. मी सांगितलं नव्हतं. ओल वाळायला उद्या दुपार होईल. दाढीचं डोकं आपटलं, दोनदा.

रात्री जेवणानंतर एक शेवटची चाचणी: मांगराच्या कोरड्या कोपर्‍यात मैदा पसरला, टोपली पालथी घातली, आत काही नाही, दिवा नाही. रात्रभरात ओलीमुळे मैद्याचा गोळा होतो का ते बघायचंय. उद्या आधीपासून पसरून ठेवता येईल की ऐन वेळी चाळायचा, हे त्यावर ठरेल.

१९ ऑक्टोबर, सकाळी पावणेसात

चहाच्या आधी चौघंही मांगरात. मावशी पाठोपाठ आली, हातात शेणाची पाटी. मी टोपली उचलायला वाकले आणि लक्षात आलं की सगळेच वाकलेत, गुडघ्यांवर हात ठेवून. कुणी ठरवलं नव्हतं.

मैदा ओलावला नाही. मधोमध एक बारीक वळणावळणाची रेघ होती, एका कडेकडून दुसर्‍या कडेला. मुंग्यांची वाट. दोन-चार अजून चालत होत्या.

मावशीने वाकून पाहिलं. "कुणाच्या नावानं ठेवलं होतंत?"

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं.

"मग मुंग्याच येणार," असं म्हणून ती गोठ्याकडे गेली.

दाढीने ५० मिमी लावून त्या रेघेचा आडव्या उजेडात एक मिनिटभर व्हिडिओ घेतलाय. सातारकर म्हणतोय, चौकट क्रमांक सहा म्हणून चालेल, ठशाच्या आधी.

आजची कामं: मैदा ऐन वेळी चाळायचा. कोपर्‍यात हळदीची रेघ (मुंग्या). वाळूची बादली दाराच्या आत. बल्ब टांगायला शिडी, शेजारून. पणतीची वात पूर्वेला. दुपारी बारकीला झोपवणे.